थांग लाओशींच्या पानावर कुणीच नाव नोंदवत नाही

मी माफ करणाऱ्यांतली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं माझी स्कूटर लावायची जागा बळकावली त्याला नऊ वर्षं झाली. अजून तिच्या दारावरून जाताना मी हॉर्न दाबते. दर वेळी. पण सूड कसा घ्यायचा हे मला कळलं ते सू-युनकडे बघून. तिच्यापुढे मी म्हणजे नुसतीच बोंब मारणारी.

चिएन सू-युन. वय बावन्न. सोळाव्या वर्षापासून मावशीच्या केस धुवायच्या दुकानात उभी राहिलेली. आमच्या ताइनान शहरात बायका घरी केस धुतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी दुकानात जायचं, खुर्चीत ताठ बसायचं, डोक्यावर फेसाचा डोंगर करून घ्यायचा आणि तासभर सगळ्या गल्लीची उणीदुणी काढायची. सू-युननं तीस वर्षं असली डोकी चोळली. शॅम्पूनं बोटं इतकी फुटली की डॉक्टरनं सांगितलं, आता पुरे. दुसरी कुणी असती तर घरी बसून मालिका बघत बसली असती. ही सेहेचाळिसाव्या वर्षी कामगारांच्या फुकट वर्गात जाऊन बसली आणि संकेतस्थळं बनवायला शिकली. बोटांना पट्ट्या गुंडाळून टाइप करायची.

मग तीन वर्षं खपून तिनं स्वतःचं एक सॉफ्टवेअर बनवलं. नाव ठेवलं ‘खुर्ची’. केस धुवायच्या दुकानांसाठी. कोण कुठल्या वारी येते, कुणाला नखांनी खाजवून हवं, कुणाला नुसतं बोटांच्या पेरांनी, कुणाला पाणी किती कढत लागतं, सगळं त्यात. शिवाय एक रकाना होता, ‘हिच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही’. आता सांगा, हे कुठल्या इंजिनियरला सुचलं असतं का? दोन विहिणी शेजारी शेजारी बसल्या तर दुकानाचं काय होतं हे फक्त फेसात हात घातलेल्या बाईलाच माहीत.

आमचा एक गट आहे. आम्ही आठ जण. सगळे एकांडे. आपापल्या खोलीत बसून आपापलं काहीतरी बनवणारे, ना साहेब, ना कंपनी. मी फोटोंच्या फायलींचं वजन कमी करायचं साधन विकते. माझं नाव मेईशिया. दर शनिवारी सकाळी दहाला आम्ही एका तौह्वेच्या दुकानाच्या माडीवर जमतो. आल्याच्या पाकातलं ते मऊ लुसलुशीत सोयाचं दही एकेक वाटी घ्यायचं आणि एकमेकांच्या पानांची चिरफाड करायची. पान म्हणजे लँडिंग पेज. गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं तेव्हा जे समोर दिसतं ते. ते चुकलं की बाकी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून रीत अशी की ज्याची पाळी असेल त्यानं पान कागदावर छापून आणायचं, आणि पानाची अख्खी फाईलही सगळ्यांना पाठवायची, म्हणजे त्याचं पोट, आतला कोड, उघडून बघता येतं. कागदावर लाल पेनानं लिहायचं. गोड बोलायचं नाही. गोड बोलायला घरची माणसं आहेत.

गटात सगळ्यात वजनदार माणूस थांग वेनबो. वय चाळीस, पण सगळे त्याला लाओशी म्हणायचे, म्हणजे गुरुजी. तैपेईत मोठ्या कंपनीत होता, तिथून नोकरी सोडून आलेला, आणि हे दर पाच मिनिटांनी सांगणारा. वेबसाइट बनवायचं कुठलं नवं साधन आलं की त्याच्याकडे ते आधी. कुठलं फुकट, कुठलं टाकाऊ, सगळं तोंडपाठ. हुशार होता, नाही म्हणत नाही. मीसुद्धा त्याच्या पुढेपुढे करायचे. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

गेल्या पानगळीत सू-युनची पाळी आली. बिचारीनं पान छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणलं होतं, पाऊस लागू नये म्हणून. थांगनं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. इतका वेळ की मला वाटलं, आवडलेलं दिसतंय. मग हसला.

“मावशी, हे तुम्ही कुणाला विकणार?”

“केस धुवायच्या दुकानांना.”

“त्या बायकांकडे वही आहे, पेन्सिल आहे. त्यांना हे कशाला हवंय? तुमच्या दुकानात होती तुम्हाला अडचण, म्हणून सगळ्या जगाला आहे का? बाजारच नाही याला. एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे हात चांगले आहेत, डोकं नको चालवायला.”

माडीवर दोघेजण फिसकन हसले. थांगनं लाल पेन घेतलं आणि पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक फुली मारली. आणि वर, लाल शाईनंच, तिचं नाव लिहिलं. चिएन सू-युन. आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल शाईनं लिहीत नाहीत, शेंबड्या पोरालाही हे कळतं. सू-युन त्या नावाकडे बघत राहिली.

मी गप्प बसले. आदल्याच शनिवारी त्यानं माझ्या पानाची तारीफ केली होती ना! माझ्या जिभेला त्या दिवशी काय लकवा मारला होता देव जाणे. पान चांगलं होतं, मला दिसत होतं की पान चांगलं आहे. आणि मी चमच्यानं पाक ढवळत बसले. माझी मला लाज वाटते, अजून वाटते.

सू-युननं कागद घडी करून पाकिटात ठेवला, “आभारी आहे, लाओशी,” म्हणाली आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं पान बंद करून टाकलं. तीन वर्षांची मेहनत. सॉफ्टवेअर तयार होतं, चालत होतं, तिच्या मावशीच्या दुकानात वापरात होतं. पण लाओशी म्हणाले बाजार नाही, म्हणजे नाही. शनिवारी यायची मात्र. कोपऱ्यात बसायची, दुसऱ्यांच्या पानांवर बारीक अक्षरात लिहायची. आणि तिचं लिहिणं नेमकं असायचं, डोकं धुताना कुठं दुखतंय ते बोटांना कळावं तसं.

पाच महिने गेले. पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायचा सण उरकला, त्याच्या पुढच्या शनिवारी थांगची पाळी. त्यानं कागद वाटले. मी बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. केस धुवायच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर! वरचं वाक्य सू-युनचं, मधली मांडणी सू-युनची, तो शेजारी-न-बसवायचा रकानासुद्धा जसाच्या तसा. नाव बदललं होतं, रंग गुलाबीचा निळा केला होता, आणि मावशीच्या दुकानाच्या फोटोच्या जागी संगमरवरी दुकानातली कुणीतरी गोरीपान पोरगी.

“लाओशी, हे तर सू-युनचं आहे,” मी म्हटलं. या वेळी तोंड उघडलं बाई मी.

“कल्पना काय कुणाच्या बापाची असते का?” तो म्हणाला. “मावशींनी बंद केलं होतं. पडून वाया गेलं असतं. मी जरा नीट केलं. काय हो मावशी, राग नाही ना?”

सगळ्यांच्या माना सू-युनकडे. मला वाटलं, आता ही वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करणार. मी मनातल्या मनात म्हणतही होते, कर, कर! ती म्हणाली, “नाही लाओशी. राग कसला.”

खाली उतरल्यावर मी तिच्यावरच तुटून पडले. “तुझ्या अंगात रक्त आहे की शॅम्पू? त्यानं दिवसाढवळ्या तुझं पान चोरलं आणि तू राग कसला म्हणतेस?”

“मेईशिया,” ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, “मला इतका राग आलाय की तो आत्ता बाहेर काढला तर वाया जाईल.”

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. ताबडतोब ये. गेले तिच्या मावशीच्या दुकानात. सू-युन मागच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसली होती आणि चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं की काय.

“बघ.”

तिची जुनी ईमेल पेटी उघडी होती. तिच्यात चार नवी पत्रं. योंगकांगमधलं एक दुकान, आनपिंगमधलं एक, आणखी दोन. मालकिणीचं नाव, फोन नंबर, खाली मजकूर, ‘मला हे वापरून बघायचं आहे.’

“तुझं पान तर बंद आहे!”

“माझं बंद आहे. त्याचं चालू आहे.”

मला दोन मिनिटं कळेना. मग तिनं थांगचं पान उघडलं आणि त्याचं पोट दाखवलं. पानावर नाव नोंदवायचा जो फॉर्म असतो, तो भरला की माहिती कुठल्या पेटीत जायची, तो पत्ता आत एका ओळीत लिहिलेला असतो. गुरुजींनी फाईल उचलली, रंग बदलला, नाव बदललं, फोटो बदलला. ती ओळ मात्र तशीच राहिली होती. तिथं सू-युनचा पत्ता होता.

मी इतकी हसले, इतकी हसले की खुर्चीत फेस लावून बसलेली म्हातारी म्हणाली, काय झालं ते आम्हालाही सांगा की. ज्या माणसानं आम्हाला शंभरदा बजावलं होतं की पान चालू करण्याआधी स्वतःचा फॉर्म स्वतः भरून बघा, त्यानं भरून बघितला असेल तो इतकाच की खाली ‘आभारी आहोत, आम्ही फोन करू’ ही पाटी येते का. ती येत होती. पेटी कुठली हे बघायला गुरुजींना सवड नव्हती. गटातल्यांच्या फायली उचलायची सवय लागली की आत काय आहे ते कोण वाचत बसतो!

“आता शनिवारी सगळ्यांसमोर त्याचं नाक काप,” मी म्हटलं.

“नाही.”

“अगं का?”

“पाच महिन्यांपूर्वी तो म्हणाला होता ना की याला बाजार नाही? मला बाजार बघायचाय. जाहिरात तो करतोय, पान तो सजवतोय. करू दे.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू तोंड बंद ठेवायचंस. जमेल?”

जमणार नव्हतं, पण हो म्हटलं.

तिनं त्या चारही दुकानांना फोन केले. मी शेजारीच होते. पहिलं वाक्य काय बोलावं तिनं? “ज्या पानावर तुम्ही नाव नोंदवलंत ते पान दुसऱ्याचं आहे, पण त्यात लिहिलेली वस्तू मी बनवली आहे. तुम्हाला त्याच्याकडेच जायचं असेल तर नंबर देते.” एकीनंही नंबर मागितला नाही. आणि मागून तरी काय करणार होत्या! थांगकडे द्यायला होतं काय? आमच्या धंद्यात पुष्कळ जण आधी पान लावतात, लोक नावं नोंदवतात का बघतात, आणि मग वस्तू बनवायला घेतात. थांगचं नुसतं पान होतं. मागं काही नाही. सू-युनकडे मात्र तीन वर्षांचं तयार काम.

पुढच्या शनिवारी थांग आला तो कपाळाला आठ्या घालून. म्हणाला, “विचित्रच आहे. येणाऱ्यांचा आकडा चांगला आहे, थांबतायत, वाचतायत, पण नाव एकही नोंदवत नाही. काय चुकतंय सांगा.”

कुणी म्हणालं निळा रंग गार वाटतो, कुणी म्हणालं अक्षर मोठं करा. मी रुमाल तोंडात कोंबून बसले होते. सू-युननं लाल पेन घेतलं, कागद जवळ ओढला, आणि शांतपणे म्हणाली, “लाओशी, तुमच्या बटणावर ‘सादर करा’ लिहिलंय. दुकानवाल्या बायका असल्या शब्दांना घाबरतात. त्यांना वाटतं कर भरायचा आहे. ‘मला फोन करा’ असं लिहा. आणि फोन दुपारी दोननंतर येईल असं लिहा. सकाळी त्यांचे हात ओले असतात.”

“वा!” थांग म्हणाला. “मावशी, हे बरोबर आहे हां तुमचं.”

त्यानं लिहिलं. त्या आठवड्यात सू-युनच्या पेटीत नऊ दुकानं आली.

असे सात शनिवार. खोटं सांगत नाही, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे सात शनिवार. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, ती गोरी पोरगी काढा, तसलं दुकान बघून बायकांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. रेक्झिन फाटलेली खरी खुर्ची दाखवा. त्यानं स्वतः हिंडून खुर्चीचा फोटो काढून आणला. तिसऱ्या वेळी म्हणाली, सात प्रश्न कशाला विचारता, तीनच विचारा. मग म्हणाली, शॅम्पूच्या घाऊक दुकानांत गल्ल्याशेजारी एक कागद लावा, मालकिणी तिथं स्वतः येतात. भर उन्हात हा माणूस हेल्मेट घालून ताइनानभर कागद चिकटवत फिरला. चिकटवत फिरला, आणि नोंदणी शून्य! दर शनिवारी चेहरा आणखी उतरलेला. दर शनिवारी तिला म्हणायचा, मावशी, अजून काही सुचतंय का? आणि तिला सुचायचं.

एकदा मीच विचारलं तिला, “दया नाही येत तुला?”

“येते कधी कधी,” ती म्हणाली. “मग मी तो कागद काढून बघते. लाल शाईत माझं नाव आहे त्यावर.”

आठव्या शनिवारी थांग कागद न घेता आला. आंब्याचे दिवस, माडीवर पंखा नुसता गरगरत होता. त्या दिवशी दोन नवी मंडळी गटात आली होती, एक नवरा-बायको, काओशुंगहून. नवी माणसं बघून थांगला जरा हुरूप आला. उभा राहिला.

“आज मी माझं पान बंद करतोय,” तो म्हणाला. “पण यातून शिकण्यासारखं आहे, म्हणून सांगतो. आठ आठवडे, हजारो लोकांनी पान बघितलं, नोंदणी शून्य. का? कारण बाजारच नाही! हे मी मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना तेव्हा लागलं असेल. मी स्वतःच्या कष्टानं ते सिद्ध करून दाखवलं. मावशी, खरं तर तुम्ही माझे आभार मानायला हवेत. मी तुमची आणखी तीन वर्षं वाचवली.”

नवी बाई कौतुकानं मान हलवायला लागली. शपथ सांगते, सू-युनला दिलेला शब्द मी त्या क्षणी मोडणारच होते. चोर तो चोर, वर हिनं आभार मानायचे!

सू-युन उठली. पाच महिने आणि आठ आठवडे ती कोपऱ्यात बसली होती, त्या दिवशी मधल्या टेबलाशी आली.

“लाओशी, बंद करण्याआधी एक करा. तुमचा फॉर्म भरा.”

“भरलाय मी. चालतो तो.”

“आत्ता भरा. सगळ्यांसमोर. तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

तो हसला, पण लॅपटॉप उघडला. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, फोन. गंमत म्हणून त्यानं ‘थांग वेनबो केशालय’ असं लिहिलं. लोक हसले. त्यानं ‘मला फोन करा’वर बोट दाबलं. पाटी आली, आभारी आहोत.

“बघा. चालतोय.”

आणि टेबलावर ठेवलेला सू-युनचा फोन वाजला.

तिनं तो उचलून त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं. माझ्या जागेवरून मला त्याचे ओठ हलताना दिसत होते. थांग वेनबो केशालय. मग त्याचं बोट आपोआप खाली सरकायला लागलं. योंगकांग. आनपिंग. शानहुआ. शिनयिंग. सरकतच राहिलं.

“एकशे बारा,” सू-युन म्हणाली. “तुम्ही एकशे तेरावे. यातल्या ऐंशी दुकानांत माझी ‘खुर्ची’ सुरू झाली आहे. बाकीच्यांत येत्या महिन्यात. पत्ता माझाच राहिला होता, लाओशी, तुम्ही बदलायला विसरलात.”

थांगचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. एखादा माणूस अशा वेळी आरडाओरडा करतो. त्यानं केला नाही. अगदी हलक्या आवाजात विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या मंगळवारपासून.”

“म्हणजे हे सगळे शनिवार... बटण, खुर्चीचा फोटो, घाऊक दुकानं... तुम्ही मला बनवत होतात?”

सू-युननं फोन पिशवीत टाकला.

“नाही,” ती म्हणाली. “मी सांगितलेला एकेक शब्द खरा होता. माझं स्वतःचं पान असतं तरी मी हेच केलं असतं. खोटं फक्त तुम्ही मला सांगितलं होतंत.”